ॲम्प्लिफायर तपासा, गाव उठवू नका

लग्नसराईत दुरुस्त केलेला ॲम्प पूर्ण आवाजावर तपासायचा म्हणजे भोंगा लावा आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खा. त्यापेक्षा कबाड्याकडून गिझरची 2000 वॅटची 3 एलिमेंट आणा. भोंग्याच्या जागी ती जोडली की ॲम्पची ताकद आवाज न करता पाण्यात उष्णता होऊन जिरते. आमच्या अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात गिझरची टाकी आधी सडते, एलिमेंट पुष्कळदा शाबूत निघतं.

1. मीटरवर प्रत्येक एलिमेंट साधारण 26 ओहम दाखवायला हवं. टोक आणि बाहेरची नळी यांत काहीही दाखवलं तर ते फेकून द्या.
2. तिन्ही समांतर जोडा, जाड वायरनं. जवळपास 9 ओहम होतात. ॲम्पच्या 8 ओहमच्या टोकांना चालतात.
3. लाकडी पट्टीला टांगून प्लास्टिकच्या बादलीत सोडा. नळ्या पाण्याखाली, टोकं वर कोरडी.

500 वॅटचा ॲम्प 10 मिनिटं पूर्ण जोरात चालवला, तरी 10 लिटर पाणी साधारण 7 अंशांनीच तापतं. आंघोळीचं पाणी काही होत नाही!

ॲम्प चालू असताना पाण्यात हात नको, टोकांनाही नको. आणि ही जोडणी घरातल्या सॉकेटात चुकूनही खुपसू नका, 26 अँपिअर ओढेल.