कूलर वाळवला म्हणजे झालं? डास, गोचीड आणि मंडळींच्या बाबतीत या चुका टाळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. 'ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं शहर रोगराईला वेशीबाहेर घालवतं आणि नेमक्या त्याच दिवसांत दवाखान्यांत डेंगूच्या तापाची रांग वाढू लागते. मारबतीचा यात काही दोष नाही. जे न्यायला सांगतो ते आपण खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर जपून ठेवलेलं असतं.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. वीसेक वर्षं झाली, पोरांना घेऊन डासांच्या अळ्या आणि गोचिडी गोळा करत फिरतोय. बॅच बदलते, चुका बदलत नाहीत. मोहल्ल्यातले लोकही त्याच चुका करतात, फक्त त्यांना त्याचे मार्क कापून घ्यावे लागत नाहीत. सगळ्यांचं लक्ष चावणाऱ्या किड्यावर असतं. डास चावतो दोन मिनिटं. बाकीचा वेळ तो कुठे असतो, हे विचारायला कोणी थांबत नाही.

कूलर रिकामा केला, उन्हात वाळवला, विषय संपला

ही माझी स्वतःची चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास मी आमचा कूलर उतरवला, टाकी उपडी केली, गच्चीवर चार दिवस उन्हात ठेवली आणि ताडपत्रीत गुंडाळून टाकली. वर्गात 'कंटेनर', म्हणजे पाणी साठून डास वाढतात अशी भांडी, या विषयावर तासभर बोलणारा माणूस मी, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. होळी झाली, ऊन तापायला लागलं, कूलर लावला, पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, पाण्यात काहीतरी वळवळतंय."

बघतो तर अळ्या. आणि चांगल्या डोळ्यांना दिसतील अशा. हिशेब जुळेना. डेंगू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी पहिल्याच दिवशी येऊन अंडी घालून गेली असती, तरी ती उबायलाच दोन दिवस लागले असते. एवढ्या वाढलेल्या अळ्या तिसऱ्या दिवशी दिसणं शक्य नव्हतं. मग टॉर्च आणि भिंग घेऊन टाकीत डोकं घातलं. पाण्याच्या जुन्या रेघेच्या जरा वर, गंजलेल्या पत्र्याच्या खरबरीत भागावर, मिरीची पूड भुरभुरावी तसे काळे ठिपके चिकटलेले होते. गेल्या पावसाळ्यातली अंडी!

एडिसची मादी पाण्यावर अंडी घालत नाही. पाण्याच्या काठाशी, ओलसर भिंतीवर ती एकेक करून चिकटवते. ती अंडी वाळली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच टिकतात आणि पाणी वर चढून त्यांना भिजवलं की फुटतात. तीही सगळी एकदम नाही. काही पहिल्या भिजण्याला फुटतात, काही दुसऱ्या-तिसऱ्या वेळेची वाट पाहतात. म्हणजे मी कूलर वाळवला नव्हता, डासांचं बी-बियाणं साठवून ठेवलं होतं.

शेजारच्या काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मी तं रोज पाणी टाकतो ना बाप्पा!" पाणी टाकणं आणि पाणी बदलणं यात फरक आहे. नागपूरच्या मे महिन्यात कूलर दिवसभरात बादल्यांनी पाणी पितो. पातळी खाली जाते, संध्याकाळी आपण पाइप सोडून ती पुन्हा वर आणतो. अंड्यांना रोज हवं ते मिळतं.

माझी सवय आता अशी: दर शनिवारी टाकी पूर्ण रिकामी, मग काथ्याने किंवा तारेच्या ब्रशने चारी भिंती खसाखसा घासायच्या, कोपरे जास्त. आठवडा यासाठी की आपल्याकडच्या उष्म्यात अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. घासलेलं पाणी नालीत नाही, तापलेल्या जमिनीवर पसरून ओतायचं. हंगाम संपला की कूलरच्या गवताच्या ताट्या फेकायच्या, पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या नाहीत. आणि पाऊस सुरू झाला की कूलर उतरवायचाच. जुलै ते दिवाळी बंद कूलर खिडकीत लटकत राहतो, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि तिकडे कोणी बघतही नाही. हंगामातल्या चालू कूलरपेक्षा मला तोच जास्त खटकतो.

झटपट उपाय शोधणारेही भेटतात. एकाने टाकीत जळकं ऑइल ओतलं होतं. अळ्या मेल्या असतील, पण कूलर सुरू केल्यावर तो वास पंख्याने थेट घरात आणला आणि सगळं कुटुंब गच्चीवर झोपायला गेलं. तिथे रात्री चावणारे क्युलेक्स डास वाटच पाहत होते.

सगळा दोष नाग नदीचा

डेंगू झाला की बोट नाग नदीकडे. नदी घाण आहे, मान्य. तिच्या काठी डासही ढिगाने आहेत. पण ते बहुतेक क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारे, सांडपाण्यात वाढणारे, हत्तीरोग पसरवणारे. डेंगूचा एडिस घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि सहसा जन्मला तिथून शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच गल्लीत वाढलेला आहे. क्युलेक्सचाच राग असेल तर संडासच्या टाकीच्या व्हेंट पाइपला बारीक जाळी बांधा. वीस रुपयांचं काम आहे, तरी कोणी करत नाही.

धुराची गाडी आली, आता डास गेले

धूर उडत्या डासाला लागला तरच डास मरतो. अळीला त्याने काही होत नाही. एडिस पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे बसलेला असतो आणि गाडीचा आवाज आला की आपण खिडक्या लावून घेतो, म्हणजे त्याला संरक्षणच देतो. भर दुपारी फवारलं तर तापलेल्या हवेबरोबर धूर वर निघून जातो. साथ पेटलेली असताना धुराचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण लोकांना धूर आवडतो तो दिसतो म्हणून. काथ्याने टाकी घासणाऱ्या माणसामागे पोरं धावत नाहीत.

डबक्यात डिपर बुडवला, अळी नाही

डिपर म्हणजे अळ्या गोळा करायचा लांब दांड्याचा डाव. इथे नव्या पोरांची घाई. टाकीवर वाकतात, सावली पडते, अळ्या सर्रकन तळाला जातात आणि वहीत शून्य लिहिलं जातं. उन्हाच्या उलट बाजूला उभे राहा, सावली पाण्यावर पडू देऊ नका, दोन मिनिटं गप्प थांबा. अळ्यांना श्वास घ्यायला वर यावंच लागतं. मग डिपर काठाशी तिरका धरून पाणी आत येऊ द्या. पृष्ठभागाला समांतर पडलेली ती मलेरियावाली ॲनोफिलिस, शेपटाकडची लांब नळी वर करून लटकलेली ती क्युलेक्स, आखूड जाड नळीची आणि सापासारखी वळत जाणारी ती एडिस. स्वल्पविरामासारखे टुणटुण उडणारे दिसले तर ते कोष. ते काही खात नाहीत, म्हणून खाल्ल्यावर मारणाऱ्या औषधांनी मरत नाहीत. तिथे औषधाची पुडी सोडून टाकी ओता.

गोचीड दिसली नाही म्हणजे गोचीड नाही

हे माझं दुसरं दुखणं.

एका बॅचला प्रोजेक्टची तारीख गाठायची होती. मे महिना, सकाळचे साडेअकरा, पारा चव्वेचाळीसच्या आसपास. पोरं काटोल रोडकडच्या चराईच्या रानात पांढरा फलालीन कपडा ओढत शंभर मीटर गेली, मग उलटून पाहिलं, काही नाही. दोन तासांत काम आटोपून रिपोर्ट आला: 'सदर भागात गोचीड आढळली नाही.'

मी विचारलं, "तिथे गाई होत्या?" होत्या. "एका तरी गाईचा कान पाहिला?" कोणी बोलेना.

गोचिडीचा खरा शत्रू कोरडी हवा. ऊन चढलं की ती गवताच्या टोकावरून उतरून खाली पालापाचोळ्यात, मुळांशी जाऊन बसते आणि तिथल्या दमट हवेतून शरीरातलं पाणी भरून काढते. भर उन्हात वरून कपडा फिरवला तर तिला पत्ताही लागत नाही. शिवाय सगळ्यांचा स्वभाव सारखा नसतो. गाईवरची ऱ्हिपिसेफेलस मायक्रोप्लस अळीपासून मोठी होईपर्यंत एकाच जनावरावर राहते. गवतावर मिळाली तर तिची अळीच. हायलोमा जातीची गोचीड कपड्याची वाट पाहत बसत नाही, जमिनीतून निघून जनावराच्या मागे पळते. एकच पद्धत सगळ्यांना लावली की वही कोरी राहणारच.

पाऊस सरल्यावर मी त्यांना पुन्हा नेलं. सकाळी नऊच्या सुमारास, दव सुकल्यावर, कारण ओल्या कपड्याला काही चिकटत नाही. दर दहा पावलांना कपडा उलटायचा, कारण पुढे ओढत गेलात की चिकटलेली गोचीड गळून जाते. तिसऱ्याच वेळी एका पोराने कपडा उलटला, म्हणाला, "सर, मातीच लागली," आणि हाताने झटकली. तपकिरी भुकटीसारखी माती. मी ओरडेपर्यंत अर्धी त्याच्या पँटवर. भिंगाखाली धरली तर त्या 'मातीला' सहा-सहा पाय होते! एका मादीची सगळी पिल्लावळ गवताच्या एकाच काडीवर झुंबडून बसलेली असते आणि कपडा लागला की एकदम येते. त्याला पुढचे आठ दिवस कमरेच्या पट्ट्याखाली खाज होती. रिपोर्ट मात्र त्या बॅचमध्ये सगळ्यात चांगला त्याचाच झाला.

तेव्हापासून माझ्या पिशवीत चिकटपट्टीचा रोल असतो. भुकटी दिसली की झटकायची नाही, पट्टीने उचलायची. पँट मोज्यात खोचायची, दिसायला कितीही बावळट दिसलं तरी. अंगाला लागलेली गोचीड काडीने चटका देऊन, रॉकेल लावून काढायची नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची.

कुत्रेवाल्यांसाठी दोन वाक्यं. शॅम्पूने दर रविवारी आंघोळ घालूनही गोचिडी परत येतात, कारण कुत्र्यावरची तपकिरी गोचीड दर टप्प्याला रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे कात टाकते. अंडी घालते तीही तिथेच, हजारांनी. कुत्रा धुताय, भिंत कोण बघणार?

डबकी बुजवली, आता चांदीपुरा नाही

या विषाणूला नाव मिळालं ते आपल्या नागपूरकडच्या चांदीपुऱ्यावरून. १९६५ साली इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने लहान मुलांचे जीव घेतले. तो पसरवणारी सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी, डास नाही. तिला डबकं लागत नाही. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्यातली दमट शेणकट जमीन एवढं तिला पुरतं. दोन-तीन मिलिमीटरची, पंख वर उभे धरून बसणारी, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारणारी. मच्छरदाणीच्या नेहमीच्या भोकांतून ती आरामात आत येते. भेगा लिंपा, शेणाचा ढीग घरापासून लांब न्या, पोरांना बारीक विणीच्या जाळीत झोपवा. लहान मुलाला ताप येऊन झटके आले तर सकाळची वाट पाहू नका.

उंदीर मारले की स्क्रब टायफस जाईल

२०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात या तापाने चांगलंच सतावलं, तेव्हापासून सगळ्यांना 'चिगर' शब्द माहीत झाला. चिगर म्हणजे माइटची, गोचिडीच्या जातकुळीतल्या बारीक किड्याची, अळी, मिलिमीटरच्या पाव भागाएवढी. ती आयुष्यात एकदाच चावते. मग चावण्याआधी तिच्यात जंतू आला कुठून? आईकडून, अंड्यातून. उंदीर तिचं जेवण आहे, जंतूचं खरं घर ती स्वतःच आहे. म्हणून नुसते उंदीर मारून भागत नाही, घराभोवतीचं माजलेलं गवत आणि झुडपं काढावी लागतात. गवतात बसू नका, त्यावर कपडे वाळत टाकू नका. ताप आला तर गवतात गेल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा. काखेत, जांघेत, कानामागे न दुखणारी काळी खपली आहे का तेही बघायला लावा. खपली नसली तरी ताप तोच असू शकतो.

बाकीच्या, उभ्या उभ्या

गप्पी मासे विहिरीत, हौदात सोडा, फुटाळा-अंबाझरीसारख्या तलावांत नको. बाहेरचा मासा आहे, इथल्या माशांची पिल्लं खातो.

प्लेगच्या भागात आधी बिळांत पिसवांचं औषध, उंदीर नंतर. उलटं केलंत तर मेलेल्या उंदरावरच्या उपाशी पिसवा माणसाकडे येतात.

हत्तीरोगासाठी रक्त घ्यायला रात्री माणसं आली तर त्यांना 'सकाळी या' म्हणू नका. त्याचे सूक्ष्म जंत रात्रीच रक्ताच्या वरवरच्या नसांत येतात, नेमके क्युलेक्सच्या चावण्याच्या वेळेला.

आणि नमुन्याच्या बाटलीतली चिठ्ठी बॉलपेनने लिहू नका. अल्कोहोलमध्ये शाई विरघळते. माझ्या कपाटात निळ्या पाण्याच्या चौदा बाटल्या आहेत, प्रत्येकीत अळ्या, एकीचाही गाव-तारीख कळत नाही. पेन्सिल वापरा, आणि चिठ्ठी बाटलीवर चिकटवू नका, आत टाका.