झेरॉक्सच्या दुकानात आपले कागद मागे राहू नयेत म्हणून

बारावीचा निकाल लागल्यावर भाचीच्या ॲडमिशनचे कागद काढायला आम्ही दोघी विश्रामबागेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. गर्दी तर विचारू नका. भाचीने फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवली. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाने डाउनलोडचं फोल्डर उघडलं आणि आमची फाइल शोधत तो खाली खाली जात राहिला. तेवढ्या वेळात मला एका अनोळखी बाईंचं पॅनकार्ड दिसलं, कुणाच्या तरी पासबुकाचं पहिलं पान दिसलं, एक सातबारा दिसला आणि एका माणसाच्या रक्ततपासणीचा रिपोर्टही दिसला, नावासकट. स्क्रीनचं तोंड गिऱ्हाइकांकडे होतं. माझ्या मागे उभे असलेले चौघंही तेच बघत होते.

त्या मुलाला मी दोष देणार नाही. दिवसभर एकामागून एक फाइली येतात, समोर रांग लागलेली असते, पुसत बसायला त्याला वेळ कुठला? कागद तिथे आपण पाठवतो, तेव्हा ते काढून घेण्याचं कामही आपलंच.

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" हा प्रश्न मला घरीदारी सगळीकडे ऐकू येतो. त्या रिपोर्टवाल्या माणसाने तरी कुठे काय लपवलं होतं? आपला आजार कुणाला सांगायचा हे त्याचं त्याने ठरवायचं, रांगेतल्या लोकांनी नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निकाल दिला, तो याच गोष्टीसाठी. आता काउंटरवर काय करायचं ते बघू.

घरातून निघण्याआधी

आधारकार्डाची प्रिंट हवी असेल तर पूर्ण नंबर दिसणारी फाइल पाठवू नका. मोबाइलवर 'माय आधार'ची सरकारी वेबसाइट उघडा, आधार नंबर टाका, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल तो भरा आणि 'डाउनलोड आधार'मध्ये जा. तिथे 'मास्क्ड आधार' असा एक चौकोन असतो, त्यावर खूण करा. मग जी पीडीएफ येते तिच्यात १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे ४ दिसतात. लॉजवर, भाडेकरारासाठी घरमालकाला, सोसायटीच्या ऑफिसात एवढं पुरतं. 'पूर्ण नंबरच पाहिजे' असं कुणी म्हणालं तर कशासाठी ते विचारा. काही सरकारी योजनांना तो खरोखर लागतो, तिथे द्यावाच लागेल.

या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि त्याला जोडून जन्मसाल. इथे बहुतेक जण एक चूक करतात. फाइल पाठवतात आणि तिच्याच खाली पासवर्डही लिहून पाठवतात. तसं करू नका. फाइल पाठवा, दुकानात जा आणि "पासवर्ड मी टाकते" म्हणून स्वतःच्या हाताने टाइप करा. फाइल तिथे चुकून राहिली तरी कुलूप लावलेली राहील. कुलूप तसं साधंच आहे, नाव आणि जन्मसाल माहीत असणारा ते उघडू शकतो. तरी उघड्या फाइलीपेक्षा हे कितीतरी बरं.

काउंटरवर

प्रिंट हातात आली की लगेच पैसे देऊन निघू नका. आधी आपल्या मोबाइलवर ती चॅट उघडा, पाठवलेल्या फाइलीवर बोट दाबून धरा आणि 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा. हे तिथल्या तिथे करा, कारण दोन-तीन दिवस उलटले की हा पर्याय मिळत नाही.

एवढ्याने काम संपलं असं मात्र समजू नका. कॉम्प्युटरवर फाइल उघडून उतरवून घेतली की तिची एक प्रत डाउनलोडच्या फोल्डरमध्ये बसते, आणि चॅटमधून काढलं म्हणून ती तिथून जात नाही. म्हणून सरळ सांगायचं, "दादा, डाउनलोडमधनं पण काढा की तेवढी." पहिल्यांदा मी हे बोलले तेव्हा मला फार संकोच वाटला होता, समोरच्यावर संशय घेतल्यासारखा. तो मुलगा मात्र "काढतो की मावशी" म्हणाला आणि त्याने काढली. नुसतं डिलीट केलं तर फाइल रिसायकल बिनमध्ये जाते. शिफ्ट दाबून डिलीट केलं की तिथेही राहत नाही. दोन बटणांचं काम आहे, नम्रपणे सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा ईमेल उघडणं शक्यतो टाळाच. उघडलाच तर उठण्याआधी साइन आउट करा.

आता साधी कागदावरची झेरॉक्स. यंत्राच्या काचेवर मूळ कागद विसरणं ही सगळ्यात जुनी चूक, निघताना झाकण उचलून बघाच. काळी पडलेली, वाकडी आलेली प्रतही मागून घ्या. ती टोपलीत पडली तरी तिच्यावरचा नंबर वाचता येतोच.

प्रत देण्याआधी तिच्यावर लिहा

पेन काढा आणि प्रतीवर आडवं लिहा: 'फक्त भाडेकरारासाठी', खाली तारीख आणि सही. अक्षरं थोडी छापलेल्या मजकुरावरून जाऊ द्या, म्हणजे तेवढा भाग कापून टाकता येणार नाही, पण नाव आणि फोटो वाचता यायला हवा. अशी प्रत दुसऱ्या कामाला, म्हणजे कुणाच्या सिमकार्डाला किंवा कर्जाला, वापरणं अवघड होतं. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या गल्लीत जो तो आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन फिरत होता. किती प्रती कुठे दिल्या याचा हिशेब आज कुणालाच सांगता येणार नाही. निदान त्यांच्यावर काम आणि तारीख लिहिलेली असती तर!

आणि ज्या प्रती आधीच गेल्यात त्यांचं काय?

त्या परत येणार नाहीत, पण लक्ष ठेवता येतं. 'संचार साथी'च्या सरकारी वेबसाइटवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते कळतं, आणि आपला नसलेला नंबर तिथेच कळवता येतो. 'माय आधार'वर गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे तपासलं गेलं त्याची यादी मिळते. मी दर दोन-तीन महिन्यांनी ही यादी बघते.

तिथेच बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. बँक मित्राच्या यंत्रावर आधार नंबर आणि अंगठा लावून पैसे निघतात. दस्तांवरचे ठसे उचलून, नकली अंगठा बनवून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार देशात उघडकीला आले आहेत. लॉक केलं की अंगठा चालत नाही, लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. मात्र घरातलं जे माणूस रेशन दुकानात अंगठा लावून धान्य आणतं, त्याचं लॉक करण्याआधी विचार करा. माझ्या सासूबाईंचं मी लॉक केलेलं नाही. ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो आणि रेशनच्या दिवशी मी सोबत असेनच असं नाही. त्यांच्या खात्याचे मेसेज मात्र मी रोज बघते, आणि पैसे गेल्याचं दिसलं तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, करायचा हे त्यांनाही पाठ आहे. तो नंबर आम्ही फ्रिजवर मोठ्या आकड्यांत लिहून चिकटवलाय.