ब्रिटिश पोस्टेज ड्यू तिकिटं: या चुका टाळा

पाठवणाऱ्याने टपालखर्च कमी भरला (आपलं ‘नॉटपेड’ पत्र) की रक्कम पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई; त्या वसुलीची ही तिकिटं. सगळ्यात जुनी खोड म्हणजे काळ ठरवायला तिकिटावर राजा शोधणं. या तिकिटांवर राजा नाहीच, नुसता आकडा आहे. २० एप्रिल १९१४ला पहिली तिकिटं निघाली आणि जॉर्ज ईव्ह यांचा तोच आराखडा १९७०पर्यंत चालला. किरमिजी १ पेनी तर १९५१पर्यंत त्याच रंगात निघत होती. तिचा काळ ठरतो जलचिन्हावरून, म्हणजे कागदातच असलेल्या पुसट खुणेवरून. तिच्यात त्या-त्या राजाची आद्याक्षरं असतात: १९१४ला वळणदार ‘जी-व्ही-आर’ (पाचवा जॉर्ज), १९२४ला ठोकळा अक्षरांत तेच, १९३६ला ‘ई-८-आर’ (आठवा एडवर्ड), १९३७ला ‘जी-सहावा-आर’ (सहावा जॉर्ज). अल्बममध्ये ‘१९१४’ लिहून चिकटवलेल्या किती तरी लाल पेन्या प्रत्यक्षात १९३७च्या असतात.

मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून जलचिन्ह ठरवणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवा, लायटरच्या पेट्रोलचे दोन-तीन थेंब टाका, ज्योत लांब ठेवा. चिन्ह आडवं असतं, त्यामुळे बशी पाव वळसा फिरवा. सुकायच्या आत बघायचं. मुकुट सगळ्यांतच आहे, अक्षरं वाचा. पाणी नको, डिंक जाईल. १९७०नंतरच्या दशमान (नव्या चलनातल्या) तिकिटांना पेट्रोल लावूच नका: जलचिन्ह नाही, रंग मात्र बिघडू शकतो.

दुसरी चूक अक्षम्य: पाकीट भिजवून तिकीट सोडवणं. नॉटपेडचा हिशेब पाकिटावरच असतो. १९३०च्या दशकात साध्या पत्राला दीड पेनी लागे. कुणी १ पेनीच लावली, की तूट अर्ध्या पेनीची, वसुली तिच्या दुप्पट, म्हणजे १ पेनीचं ड्यू तिकीट. १ मे १९४०ला दर अडीच पेनी झाला. कुणी सवयीने दीडच लावली, की पत्र घेणाऱ्याच्या घरी ते २ पेनीचं ड्यू तिकीट लागून आलं. हाताने लिहिलेली रक्कम, मूळ तिकीट, ड्यू तिकीट आणि दोन्ही शिक्के जुळले तर पाकीट मोलाचं. तेच तिकीट धुऊन काढलं की चिल्लर. हिशेब जुळत नसेल तर आधी वजन आणि परदेशी दर तपासा, मगच विक्रेत्याशी भांडा.

अर्धं कापून वापरलेलं तिकीट पाकिटाशिवाय घेऊ नका. कात्री सगळ्यांकडे असते.

‘पोस्टेज ड्यू’ऐवजी ‘टू पे’ (‘भरायची रक्कम’) लिहिलेलं अडीच शिलिंगचं तिकीट छपाईची चूक नाही. ते सीमाशुल्क वसुलीलाही वापरलं जायचं.