पुन्हा शिकायला आलेले विद्यार्थी मधेच का गळतात? कॉलेजांनी या चुका टाळाव्यात

दहा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर कॉलेजात आलेला विद्यार्थी पहिल्या सत्रातच दिसेनासा झाला, की स्टाफरूममध्ये निदान ठरलेलं असतं: अभ्यास झेपला नसेल. मी अशा वर्गांना बरीच वर्षं शिकवते आहे. सोडून गेलेल्यांपैकी कितीतरी जण अभ्यासात चांगले होते. ते अडले ऑफिसच्या खिडकीशी.

एक विद्यार्थिनी आठवते. कामावरून सुटून धावतपळत आली, तेव्हा सहाला दहा कमी होते आणि खिडकी पाचलाच बंद झालेली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनी गुणपत्रिका, घड्यांवर पारदर्शक टेप लावलेली, त्यावर नाव लग्नाआधीचं. त्या नावाच्या फरकापायी तिनं तीनदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली. चौथ्यांदा ती आलीच नाही. वर्गात तिची उत्तरं सगळ्यात नेमकी असायची.

प्रौढांच्या शिक्षणाच्या अभ्यासक के. पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ मध्ये या अडथळ्यांचे तीन गट मांडले: घर-नोकरीच्या परिस्थितीतून येणारे, स्वतःविषयीच्या शंकेतून येणारे आणि संस्थेनंच उभे केलेले. पहिल्या दोन्हींत कॉलेज थोडीफार मदत करू शकतं. तिसरे तर सर्वस्वी आपल्याच हातात आहेत, आणि नेमका तिकडेच काणाडोळा होतो.

म्हणून आधी खिडकी. आठवड्यातले दोन दिवस तरी ऑफिस रात्री आठपर्यंत उघडं ठेवा. लागणाऱ्या कागदांची यादी पहिल्याच फेरीत लेखी द्या. दर फेरीला "आता हेही आणा" असं नवं काही निघता कामा नये. फी एका टेबलावर, परीक्षेचा फॉर्म दुसऱ्या, ओळखपत्र तिसऱ्या, असं फिरवण्याऐवजी या विद्यार्थ्यांसाठी एकच माणूस नेमा आणि त्याचा नंबर त्यांना द्या.

दुसरी चूक वेळापत्रकाची. आदल्या रात्री ग्रुपवर "उद्याचं लेक्चर दहाऐवजी आठला" असा मेसेज पडतो. विशीतली मुलं कुरकुरत का होईना, येतात. पण ज्याला शिफ्ट बदलून घ्यावी लागते, लहान मुलाला कुणाकडे तरी ठेवावं लागतं, त्याचं ते लेक्चर बुडालंच. वर्गांच्या वेळा आणि सबमिशनच्या तारखा सत्राआधी जाहीर करा आणि पाळा. संध्याकाळची बॅच काढायला पैसा आणि माणसं लागतात. दिलेली वेळ पाळायला काहीच लागत नाही.

वर्गात शिक्षकाच्या तोंडून सहज निघून जातं, "हे तर तुम्ही शाळेतच शिकलात." हे वाक्य कृपा करून टाळा. समोरचा ते विसरलेला असतो आणि त्याला विसरल्याची लाजही वाटत असते, त्यामुळे तो पुढे प्रश्नच विचारत नाही. त्याऐवजी दुसऱ्याच आठवड्यात एक पानभर लेखन द्या, गुण न देता, आणि आठ दिवसांत शेरे लिहून परत करा. लिहिण्याचा हात बसायला एवढी सुरुवात पुरते.

अनुभवाची दखल न घेणं हीदेखील चूकच. बारा वर्षं हिशेब सांभाळलेल्या माणसाला खतावणीच्या पहिल्या धड्यापासून बसवणं म्हणजे त्याचा वेळ आणि फी दोन्ही वाया घालवणं. आधीच्या अनुभवाचं मूल्यमापन करून श्रेयांक (पदवीसाठी मोजली जाणारी क्रेडिट्स) देण्याची सोय तुमच्याकडे असेल, तर ती प्रवेशाच्या दिवशीच सांगा.

एवढं करूनही कुणी गैरहजर राहू लागलं, तर? कमी हजेरीची छापील नोटीस धाडू नका. सलग दोन लेक्चर चुकली की त्याच नेमलेल्या माणसानं फोन करावा आणि "का आला नाहीत?" असं न विचारता "काय अडलंय?" असं विचारावं. घरात आजारपण असेल, नोकरीत ओढाताण असेल, तर मिळवलेले श्रेयांक राखून एक सत्र थांबण्याची वाट नियमात हवी. बऱ्याच ठिकाणी ती असते, पण विद्यार्थ्याला कुणी सांगितलेलीच नसते. फोन लावताना सत्र थांबण्याचा फॉर्म समोर ठेवा, आणि परत यायची तारीख त्याच फोनवर ठरवून घ्या.