ज्यूदोच्या मॅटवर पहिलं वर्ष: डाव, जोडीदार आणि स्वभाव

मार्शल आर्ट्सच्या क्लबांच्या भिंतींवर ‘शिस्त, संयम, आदर’ असे शब्द बहुधा रंगवलेले असतात. रंगवलेल्या भिंतीने आजवर कुणाचा स्वभाव बदललेला नाही. नॉर्वेत एन्ड्रेसेन आणि ओल्वेयस या संशोधकांनी बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि मार्शल आर्ट्स करणाऱ्या शाळकरी मुलांचा दोन वर्षं मागोवा घेतला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या मुलांची खेळाबाहेरची दांडगाई कमी झालेली नव्हती, उलट वाढलेली होती. म्हणजे नुसतं नाव घालून भागत नाही. स्वभाव घडतो तो रोजच्या सरावातल्या काही ठरावीक गोष्टींमुळे, आणि त्या पाळल्या जातात की नाही हे नवख्यालाही ओळखता येतं. इथे उदाहरण ज्यूदोचं घेतलं आहे, कारण जोडीदाराशिवाय ज्यूदो होतच नाही. कुस्ती, कराटे किंवा तायक्वांदो करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एका बौद्ध मंदिराच्या जागेत कोदोकान ही आपली ज्यूदोशाळा सुरू केली तेव्हा सरावाला फक्त १२ ताताम्या, म्हणजे जपानी चटया, होत्या. पुढे १९२२ मध्ये त्यांनी दोन तत्त्वं ठरवून मांडली: शक्तीचा उत्तम उपयोग, आणि स्वतःचं व दुसऱ्याचं भलं एकत्र. दुसरं तत्त्व वाचताना उपदेशासारखं वाटतं, पण मॅटवर ती निव्वळ व्यवहाराची गोष्ट आहे. डाव बसवायचा तर तो शेकडो वेळा जिवंत माणसावर करावा लागतो. जोडीदाराचं शरीर तुम्हाला उसनं मिळालेलं असतं, ते धड परत करायचं असतं. नाहीतर उद्या सरावाला कुणी उभं राहत नाही.

म्हणून पहिले चार-सहा आठवडे मुख्यतः पडायला शिका. मागे पडताना हनुवटी छातीला टेकवून नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं आपोआप मॅटपासून वर राहतं. दोन्ही हात शरीरापासून साधारण ३० ते ४५ अंशांवर ठेवून तळव्यापासून कोपरापर्यंतचा पूर्ण भाग एकदम मॅटवर आपटायचा. आधी उकिडवं बसून, मग उभ्याने, मग जोडीदाराने टाकल्यावर. सर्रास होणारी चूक म्हणजे पडताना हात मागे टेकवून स्वतःला सावरणं. त्यात मनगट, कोपर किंवा गळ्याचं हाड जातं. हात टेकतो तो भीतीने, आणि भीती जाते ती उंची हळूहळू वाढवल्याने. ओरडल्याने जात नाही. पहिल्याच दिवशी नवख्याला उचलून आपटणारा क्लब दिसला, तर दुसरा शोधा.

टाकणाऱ्याचीही जबाबदारी असते, आणि खरं सांगायचं तर माणसाची पारख इथेच होते. डाव पूर्ण होताना जोडीदाराची बाही वर ओढून धरली तर त्याचा खांदा आणि डोकं मॅटपासून किंचित वर राहतं. बाही सोडून दिली, किंवा त्याच्या अंगावर स्वतःही कोसळलं, तर फासळ्या दुखावतात. ओसोतो-गारी हा मागे पाडणारा डाव दिसायला सोपा असल्याने नवखे आधी त्याच्याच मागे लागतात. पण त्यात डोक्याची मागची बाजू आपटण्याचा धोका मोठा असतो. ज्याला मागे पडणं पक्कं जमत नाही त्याच्यावर हा डाव जोरात करू नये, मग त्याने कितीही ‘कर बिनधास्त’ म्हटलं तरी.

उचिकोमी म्हणजे डावाची फक्त पकड आणि शिरकाव पुन्हा पुन्हा करणं, सहसा दहा-दहाच्या गटांत. समोर उभं राहणाऱ्याला काही काम नाही असं वाटतं, आणि तिथेच तो कंटाळतो. वास्तविक त्याने ताठ न होता, सैलही न पडता, स्वतःचा तोल सांभाळून उभं राहायचं असतं. सैल जोडीदारावर चुकीचा डावही बसतो, आणि स्पर्धेत तो फसतो तेव्हा कारण कळत नाही. दुसऱ्याच्या सरावासाठी लक्षपूर्वक उभं राहणं हे संयमाचं सगळ्यात साधं शिक्षण, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

मोकळी लढत म्हणजे रँडोरी. इथे बहुतेकांचं गणित बिघडतं. नवखा माणूस रँडोरीला स्पर्धा समजतो, हात ताठ करून समोरच्याला लांब ढकलत राहतो, आणि चार मिनिटांत दमछाक होऊन काहीही न शिकता बाहेर येतो. ताठ हातांनी तुम्ही पडत नाही हे खरं, पण डावही करू शकत नाही. निम्म्या-साठ टक्के जोराने खेळा आणि पडायला तयार राहा. वजनात किंवा अनुभवात फरक असेल तर जास्त जाणकाराने स्वतःवर बंधन घालावं: आज फक्त डाव्या बाजूचे डाव, किंवा आज फक्त पायाचे डाव. आपल्यापेक्षा कमकुवत माणसाला सलग दहा वेळा आपटून कुणाचाच खेळ सुधारत नाही. एखादा जुना खेळाडू खुन्नस काढत असेल, नवख्यांची जिरवत असेल आणि कोच बघून न बघितल्यासारखं करत असेल, तर त्या क्लबात आदर फक्त वाकून नमस्कार करण्यापुरता आहे असं समजा. क्लब निवडताना पदकांच्या कपाटाआधी ही रँडोरी तासभर बसून बघा.

टॅपचा, म्हणजे ‘हरलो, सोड’ अशी खूण करण्याचा, नियम मात्र निरपवाद आहे. जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर स्पष्ट जाणवेल असं दोनदा तरी थोपटायचं. हात अडकले असतील तर पायाने, नाहीतर तोंडाने ‘माइत्ता’, म्हणजे ‘हरलो’. गळ्याची पकड नीट बसली तर काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते, त्यामुळे ‘अजून थोडं सहन करतो’ हा विचार चुकीचा. समोरच्याने थोपटताच पकड त्याच क्षणी सोडायची. ‘टॅप नीट कळला नाही’ असं वारंवार म्हणणाऱ्याबरोबर सराव करू नका, आणि कारण त्याला सरळ सांगा.

डोकं आपटून गरगरलं, मळमळलं, क्षणभर गोंधळल्यासारखं झालं, तर त्या दिवशी परत मॅटवर जायचं नाही. डॉक्टरांना दाखवून परतीचा व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवायचा, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्यायचे, आणि टाकाटाकी सगळ्यात शेवटी. दुखापत लपवणाऱ्याचं कौतुक करण्याची क्लबांना सवय असते. ती वाईट सवय आहे. त्वचेचंही तसंच. नायटा-गजकर्ण दिसलं तर पट्टी लावून खेळू नका. उपचार घ्या, डॉक्टर हो म्हणेपर्यंत घरी राहा आणि गेल्या काही दिवसांतल्या जोडीदारांना कळवा. सांगायला लाज वाटते, पण न सांगितल्यामुळे मैत्री तुटलेली जास्त दिसते. नखं कापलेली, पोशाख प्रत्येक सरावानंतर धुतलेला, मॅटबाहेर पायात चपला: एवढं तर पहिल्या दिवसापासून.

पहिली स्पर्धा साधारण सहा महिने ते वर्षभराच्या नियमित सरावानंतर खेळावी. मोठ्यांची लढत चार मिनिटांची. पाठीवर, जोराने, वेगाने आणि शेवटपर्यंत ताब्यात ठेवून टाकलं की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, आणि लढत तिथेच संपते. वाझा-आरी म्हणजे इप्पोनला थोडा कमी पडलेल्या डावाचा गुण; दोन वाझा-आरी मिळूनही इप्पोन होतो. जमिनीवर २० सेकंद दाबून ठेवलं तरी तेच. बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे निकाल लागेपर्यंत जादा वेळ, त्याला वेळेची मर्यादा नाही. शिदो म्हणजे छोट्या चुकीचा दंड, आणि तीन शिदो म्हणजे लढतीतून बाद. कुस्तीतून आलेल्यांचा हात सवयीने समोरच्याच्या पायाकडे जातो, आणि उभ्याने लढताना पाय धरण्याला दंड आहे. ही सवय मोडायला दोन-तीन महिने हातात ठेवा.

वजनाबाबत एकच सल्ला: पहिल्या स्पर्धा आहे त्या वजनात खेळा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन आदल्या दिवशी होतं आणि लढतीच्या सकाळी काही खेळाडूंची पुन्हा तपासणी होते. तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वजन चालत नाही, म्हणजे ७३ किलोच्या गटात ७६.६५ ही शेवटची हद्द. हे नियम आलेत ते उपाशी राहून आणि घाम गाळून वजन उतरवण्याला आळा बसावा म्हणून. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत काही आठवड्यांच्या आत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले होते. ‘सगळेच करतात’ असं सांगणारा जोडीदार तुमचा हितचिंतक नाही.

हरणं शिकवता येत नाही, पण त्याची रीत शिकवता येते. पडलात की उठा, पोशाख नीट करा, पट्टा बांधा, आपल्या जागी उभे राहा, निर्णय ऐका, वाकून नमस्कार करा, मगच मॅट सोडा. राग आलेला असला तरी हा क्रम चुकवायचा नाही. या अर्ध्या मिनिटात हात कामात असतात, त्यामुळे तोंडून वेडंवाकडं काही निघत नाही. जिंकणाऱ्यालाही हीच रीत लागू. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या अँटन गेसिंकने खुल्या गटाच्या अंतिम लढतीत जपानच्या अकिओ कामिनागाला दाबून धरून हरवलं. त्याचे समर्थक आनंदाने मॅटकडे धावले, तेव्हा त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. समोर हरलेला माणूस अजून जमिनीवरच होता. ज्यूदोत ही आठवण आजही त्या सुवर्णपदकाच्या बरोबरीने सांगतात.

मैत्रीचं म्हणाल तर क्लबातली मैत्री सरावातून आपोआप जुळते. प्रतिस्पर्ध्याशी मैत्री मुद्दाम करावी लागते, आणि ती बहुधा जास्त टिकते, कारण एका वजनगटातली तीच माणसं वर्षानुवर्षं समोर येत राहतात. लढत संपल्यावर लगेच जाऊ नका. दोघांचा श्वास खाली येऊ द्या, त्याच्या उरलेल्या लढती असतील तर त्या होऊ द्या. मग नेमका प्रश्न विचारा. ‘मी कुठे कमी पडलो’ या प्रश्नाला ‘छान खेळलास’ एवढंच उत्तर मिळतं. ‘माझी बाही तू दुसऱ्यांदा कशी सोडवलीस’ असं विचारलं की तो तुमचा हात धरून तिथेच करून दाखवतो. तुम्हालाही कुणी असं विचारलं तर लपवू नका. पुढच्या वेळी तो तयारीने येईल, आणि तुम्हाला नवीन काहीतरी शोधावं लागेल. एकत्र सराव शिबिर असेल तर नाव द्या, आणि तिथे रँडोरीसाठी पहिला हात ज्याच्याकडून हरलात त्याच्यापुढे करा.