कोंडा चाळणीत अडकवू नका: पोटाला मानवणारं दळण कसं करावं

बार्शीत आमची पिठाची गिरणी आहे आणि सासऱ्यांनंतर ती मी चालवते. कोणाच्या घरी काय दळलं जातं आणि कोणाला पोटाचा त्रास आहे, दोन्ही गोष्टी डबे ठेवता ठेवता कानावर येतात. “ताई, पोट साफ होत नाही. नाचणी सुरू करू की ओट्स आणू?” असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, पीठ कुठल्या चाळणीनं चाळता?

धान्य बदलायची घाई सगळ्यांना असते, पण गळती बहुतेक वेळा चाळणीतच असते. १०० ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात साधारण ११ ग्रॅम तंतू म्हणजे फायबर असतं. ज्वारीत १०, बाजरी आणि नाचणीत ११ च्या आसपास. म्हणजे गहू यात कुठंच मागे नाही. मैद्यात मात्र ते ३ ग्रॅमसुद्धा भरत नाही आणि पांढऱ्या तांदळातही तेवढंच. पोळ्या मऊ व्हाव्यात म्हणून कणीक बारीक चाळायची, वर राहिलेला कोंडा गाईला घालायचा आणि पोटासाठी औषधाच्या दुकानातून भुसा विकत आणायचा, हे मला फार लागतं.

तंतू लहान आतड्यात पचत नाहीत, तसेच पुढे जातात. कोंड्यातला खरखरीत भाग पाणी धरून ठेवतो, त्यामुळे शौचाला मऊ आणि भरीव होतं. तंतूंचा आणखी एक भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना मुख्य ताकद त्या ब्युटिरेटमधूनच मिळते. हे काम चालू असताना वायूही होतो. म्हणून एका दिवसात सगळं बदललं की पोट फुगतं आणि माणूस म्हणतो, “मला ज्वारी बाधते.” बाधते ती बहुतेक वेळा घाई.

तेव्हा सुरुवातीचा आठवडा धान्य तेच ठेवा, फक्त बारीक चाळण बाजूला करा. गहू दळणाआधी नीट निवडले असतील तर कणीक चाळायची गरजच नाही. सवय नसल्यानं पोळी खरखरीत लागली, तर चाळून निघालेला निम्मा कोंडा परत कणकेत मिसळा आणि उरलेला थालीपिठात किंवा धिरड्यात घाला. अशी कणीक थोडी सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा पाणी पितो, मग पोळी चिरत नाही.

गिरणीवर “अगदी मैद्यासारखं बारीक” सांगू नका. जाडसर कोंडा पोट साफ करायला बारीक कोंड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

हे अंगवळणी पडलं की एका वेळची पोळी काढून भाकरी आणा. आमच्या भागात मालदांडी ज्वारी मिळते, तिची भाकरी गोड लागते. ज्वारी एकदम महिन्याची दळू नका. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते आणि घरातली मंडळी पुन्हा पोळीकडे वळतात. आठ-दहा दिवसांपुरतंच दळण टाका. बाजरी त्याहूनही कमी, कारण तिचं पीठ लवकर कडू होतं. थापायची सवय नसेल तर उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढा, मळून घ्या आणि पोळीसारखी लाटा.

नुसत्या भाकरीवर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू सांगते. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ६ धरले तर दोन भाकरींचे १२ झाले. बाकीचे उसळ, पालेभाजी आणि फळातून यायला हवेत. अख्ख्या हरभऱ्यात १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम असतात, सालं काढलेल्या तुरीच्या डाळीत ९. म्हणून रोजच्या वरणासोबत आठवड्यातून तीन-चारदा मटकी, मूग, हरभरा असू द्या. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिलं तर वायूही कमी धरतो. पेरू असेल तर तो बियांसकट खा.

पाणी वाढवल्याशिवाय यातलं काही करू नका. कोरडा कोंडा पोटात गेला आणि वर पाणी नसलं, तर बद्धकोष्ठ उलट घट्ट होतं. दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना भाकरीचा आग्रह धरू नये. त्यांना ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून द्याव्यात, किंवा अंबील.

शौचातून रक्त पडत असेल, वजन आपोआप उतरत असेल, किंवा पोटाची सवय अचानक बदलून तीन-चार आठवडे तशीच राहिली असेल, तर दळण बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी किंवा आतड्याला सूज असलेल्यांनीही त्यांना विचारूनच तंतू वाढवावेत.

आणि एक गोष्ट गिरणीवालीच सांगू शकते. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं, म्हणून सिलिअॅकच्या, म्हणजे ग्लुटेननं आतड्याला इजा होते त्या आजाराच्या, रुग्णांना ही धान्यं चालतात. पण आधीच्या दळणाचं पीठ दगडांत आणि पिशवीत राहतंच. उपवासाच्या दळणासाठी आम्ही गिरणी झाडून-पुसून घेतो, तरी या आजाराला तेवढी सफाई पुरत नाही, गव्हाचा अंशही बाधतो. अशा घरातून डबा आला तर मी तो दळत नाही. त्यांना घरच्या चक्कीवर किंवा जात्यावर, जिथं गहू कधीच दळला जात नाही अशा ठिकाणी, ज्वारी दळायला सांगते.