वाचनालयाचे व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट सभासदांना मिळत नव्हते: माझा अनुभव

दर शनिवारी नव्या पुस्तकांची यादी ब्रॉडकास्टने, म्हणजे एकच मेसेज अनेकांना एकदम पण वेगवेगळा पाठवायच्या सोयीने, पाठवायचो. बऱ्याच सभासदांना ती मिळतच नसे. वेळ बदलली, फोटो लहान केले, ब्रॉडकास्टची, म्हणजे मेसेज ज्यांना जातो त्या नंबरांची, लिस्ट पुन्हा बनवली. फार वैताग आला.

कारण एवढंच: समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल, तर ब्रॉडकास्ट त्याला पोहोचत नाही.

मग देवघेवीच्या टेबलावर, पुस्तकावर तारखेचा शिक्का मारतानाच, हा क्रम ठेवला. आधी सभासदाच्या फोनमध्ये वाचनालयाचा नंबर सेव्ह. लगेच त्याच्याकडून सभासद क्रमांकाचा मेसेज. तो नंबर आमच्याकडे सेव्ह करून मगच लिस्टमध्ये. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, म्हणून बालविभागाची वेगळी केली. ज्येष्ठांना नुसतं सांगून भागत नाही, नंबर आपणच सेव्ह करून द्यावा.

परवा एक आजी फोन पुढे करून म्हणाल्या, “यातलं तिसरं माझ्यासाठी ठेवा.”